धुऱ्यावरचा निर्णय: एज कॉम्प्युटिंग वावरापर्यंत कसं आलं

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या काकांची पाणबुडी मोटर जळाली. साडेअकराच्या सुमारास विहिरीतलं पाणी तुटलं, मोटर कोरडी फिरत राहिली आणि काका गावातून वावरात येईपर्यंत वाइंडिंग गेलं होतं. मोटर जळणं आमच्याकडे नवीन नाही. या वेळी जास्त लागलं ते एवढ्यासाठी, की स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डवाला नवा डबा बसवून पाच महिनेही झाले नव्हते. पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद होईल, या एकाच गोष्टीसाठी तो घेतला होता.

डबा बिघडलेला नव्हता. तो करंट मोजत होता. पाच एचपीची मोटर पाणी उपसत असताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. पाणी तुटलं की तिच्यावरचा भार जातो आणि आकडा चारच्या जवळ उतरतो. डब्याला तो उतरलेला आकडा दिसला होता. पण 'चार म्हणजे कोरडी, आता बंद कर' हे ठरवायचं काम त्याच्याकडे दिलेलंच नव्हतं. ते काम कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरकडे, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरकडे होतं. डब्यानं आकडा वर पाठवायचा, सर्व्हरनं तो पाहायचा, 'बंद कर' असा हुकूम खाली पाठवायचा आणि मग डब्यानं मोटर तोडायची. त्या दिवशी गावठाण फीडरची लाईन सकाळपासून गेलेली होती, शेतीच्या फीडरवर मात्र चालू होती. टॉवरची बॅटरी अकरापर्यंत टिकली, मग टॉवर बसला. इकडे मोटर फिरतेय, डबा जागा आहे, आकडा चारवर आहे, आणि वर विचारायची वाटच बंद.

जळक्या मोटरीचा वास नाकात असताना काकांनी मला विचारलं, "डबा मोटरीजवळच होता ना बाप्पा? आकडा त्याले दिसत होता. मंग त्यानं काऊन नाही बंद केली?"

एज कॉम्प्युटिंग हे नाव जड वाटतं, पण त्याचा सगळा विषय काकांच्या या प्रश्नात आहे. जिथं गोष्ट घडते तिथंच ती समजून घ्यायची आणि तिथंच निर्णय घ्यायचा. 'एज' म्हणजे कडा. आपल्या वऱ्हाडी बोलीत शेताच्या कडेला धुरा म्हणतात. म्हणून मी याला धुऱ्यावरचा हिशेब म्हणतो.

आधी उलट बाजू पाहू, म्हणजे क्लाउड. क्लाउड म्हणजे आभाळातलं काही नाही. मुंबई, हैदराबाद अशा शहरांत मोठाल्या इमारती आहेत, त्यात हजारो कॉम्प्युटर मांडलेले असतात आणि इंटरनेटवरून आपण ते भाड्यानं वापरतो. फोनमधले फोटो, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ, सगळं तिथं साठतं आणि तिथंच त्यावर काम होतं. गेली पंधरा-वीस वर्षं बहुतेक यंत्रं याच पद्धतीनं बांधली गेली: खाली स्वस्तातला सेन्सर, वर हुशार सर्व्हर. खालच्या यंत्राला डोळे-कान दिले, डोकं दिलं नाही.

यात अडचण अंतराची आहे असं अनेकांना वाटतं. तेवढ्या अंतरानं आपलं काही अडत नाही. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. यवतमाळहून मुंबई सातशे किलोमीटर धरली तरी तेवढं अंतर तो एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत कापतो. खोळंबा होतो तो टॉवर ते वावर या शेवटच्या तीन-चार किलोमीटरांत. टॉवरची बॅटरी, रस्त्याच्या कामात जेसीबीनं तोडलेली केबल, पावसाळ्यात गळून पडणारं नेटवर्क, मध्ये आलेली टेकडी. मोठ्या शहरात एज कॉम्प्युटिंगची गरज सांगताना बहुतेक वेळा वेगाचं कारण देतात, आणि तेही खरं आहे. चालकाविना धावणाऱ्या गाडीला ब्रेक लावायचा की नाही हे सर्व्हरला विचारून चालणार नाही. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. पण आपल्या भागात वेगाच्या आधी येतो तो भरवसा. नेटवर्क नसताना यंत्र काय करतं, यावर त्याची किंमत ठरते.

फरक अगदी जवळून पाहायचा असेल तर आपला अंगठा पाहा. फोन उघडायला सेन्सरवर बोट ठेवलं की क्षणात उघडतो, मेळघाटातल्या एखाद्या दरीत, नेटवर्कचा पत्ता नसतानाही. कारण बोटाचा ठसा फोनमध्येच साठवलेला असतो आणि जुळवणीही फोनच करतो. तोच अंगठा रेशन दुकानातल्या यंत्रावर ठेवला की त्याचा प्रवास सुरू होतो. आधारची जुळवणी केंद्रीय साठ्याशी होते आणि त्याची डेटा सेंटर आहेत बंगळूरु आणि मानेसरला. होकार तिथून यावा लागतो. त्यामागे कारण आहे, कारण सगळ्या देशाचे ठसे एकेका दुकानातल्या यंत्रात ठेवणं धोक्याचं ठरेल. पण अंगठा एकच असला तरी निर्णयाच्या जागा दोन आहेत, हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा विषय सर्वांत महत्त्वाचा वाटतो तिच्याकडे येतो: गुलाबी बोंडअळी.

२०१७ चा हंगाम विदर्भातला कोणताही कापूस उत्पादक विसरलेला नाही. बोंडं बाहेरून हिरवीगार आणि आत अळी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून 'फवारायचं की नाही' हा प्रश्न आपल्याकडे फक्त खर्चाचा उरलेला नाही. फुकट गेलेली फवारणी माणसाच्या अंगावर जाते.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला एक सरळ आकडा दिला आहे. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, कामगंध सापळे लावायचे. त्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी असते आणि त्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, तर नुकसानीची पातळी ओलांडली असं समजायचं. आठ पतंग, तीन रात्री. नियम चौथीतल्या मुलालाही कळेल. पण रोज सकाळी वावरात जाऊन सापळा उघडून बोटाएवढेही नसलेले ते करडे पतंग कोण मोजणार? पहिला आठवडा आपण मोजतो. मग निंदण येतं, डवरणी येते, पोळा येतो, आणि सापळा धुऱ्यावर नुसता डोलत राहतो.

समजा सापळ्याच्या झाकणात आतून एक छोटा कॅमेरा लावला. रात्रीत दोन-तीनदा तो चिकट पट्टीचा फोटो काढतो. तो फोटो सर्व्हरला पाठवायचा म्हटलं तर काय होतं ते मोजून पाहू. बाईट हे माहिती मोजायचं लहानसं माप. हलका फोटो घेतला तरी तो लाखभर बाईटचा होतो. वावरातल्या यंत्रांसाठी लोरा नावाची रेडिओपद्धत वापरतात. आपल्या देशात ती ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना चालते, मोकळ्या रानात काही किलोमीटर पोचते आणि बॅटरी फार कमी खाते. पण तिच्या एका निरोपात मावतात पन्नास ते दोनशे-अडीचशे बाईट. दोनशेनं धरलं तरी एका फोटोचे पाचशे निरोप होतात. एवढ्यात बॅटरी संपते आणि फोटोही अर्धवट राहतो. मोबाइलचं सिम टाकलं तर रोजचा डेटा, रिचार्ज आणि पुन्हा टॉवरचीच कटकट.

याउलट सापळ्यातल्या चिपनंच पतंग मोजले तर वर पाठवायला काय उरतं? 'सापळा ४, रात्र दुसरी, पतंग ११.' दहा-बारा बाईट. एक निरोप पुरतो. आणि त्या रात्री नेटवर्क नसेल तर आकडा सापळ्यातच लिहून ठेवायचा आणि सकाळी पाठवायचा. मोजणी थांबत नाही. जुलै-ऑगस्टात सहा-सहा दिवस ऊन पडत नाही, तेव्हा सौर पट्टीवर चालणाऱ्या यंत्राला हे फार उपयोगी पडतं. कारण अशा यंत्रात सर्वांत जास्त वीज खाणाऱ्या गोष्टींत रेडिओ वरच्या नंबरात असतो. हिशेब जागेवर केला की रेडिओ जवळजवळ पूर्ण वेळ झोपलेला राहतो.

पण एवढीशी चिप पतंग ओळखते कशी? इथं दोन कामं वेगळी समजून घ्यायला हवीत. एक शिकण्याचं, दुसरं शिकलेलं वापरण्याचं. गुलाबी बोंडअळीचा पतंग कसा दिसतो हे शिकवायला हजारो फोटो लागतात, मोठे कॉम्प्युटर लागतात, दिवस लागतात. ते काम क्लाउडवरच होतं. शिकून झाल्यावर जे उरतं ती आकड्यांची एक लांबलचक यादी असते. छोट्या कामासाठी त्यात अडीच लाख आकडे असतात असं धरू. एकेक आकडा फार बारकाईनं, चार बाईटमध्ये लिहिला तर यादी दहा लाख बाईटची होते. अशा यंत्रांत सर्रास दिसणाऱ्या ईएसपी-३२ या चिपची कामाची मेमरी सव्वापाच लाख बाईटच्या आसपास. म्हणजे मावत नाही.

मग एक युक्ती करतात. सोनाराचा काटा गुंजेपर्यंत वजन दाखवतो, पण कापूस मोजायला तो कोणी नेत नाही. तिथं किलोचा काटा पुरतो. तसेच ते बारीक आकडे गोळाबेरीज करून एकेका बाईटमध्ये बसवायचे. यादी चौपट लहान होते, अडीच लाख बाईटवर येते आणि चिपमध्ये मावते. ओळखण्यात थोडी चूक वाढते, पण नीट केलं तर अगदी थोडी. अकराचे दहा मोजले गेले तरी आठच्या नियमाला बाध येत नाही. काही शे रुपयांची चिप असं काम करू लागली ती या काटछाटीमुळे.

हे सगळं कागदावरचं नाही. वाधवानी एआय या संस्थेच्या कॉटनएस ॲपमध्ये सापळ्यातल्या पतंगांचा फोटो फोनमध्येच मोजला जातो, रेंज नसली तरी चालतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनंही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सापळा तयार केला आहे. माझं मत विचाराल तर प्रत्येक वावरात असा सापळा घेण्याची गरज नाही. एका शिवारात चार-पाच पुरतात, बाकी साधे सापळे लावावेत. शेतकरी गटानं मिळून घेतले तर खर्चही सोसतो आणि इशारा सगळ्यांना मिळतो.

जंगलाच्या बाजूला हीच गोष्ट जिवाची होते. साध्या कॅमेरा ट्रॅपला हालचाल कळते, पण कोण हललं हे कळत नाही. गवत हललं, गाय गेली, वानर गेलं, फोटो निघतच राहतात. कार्ड काढून आणून पाहीपर्यंत वाघ दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. ट्रेलगार्ड नावाचे कॅमेरे २०२२ पासून कान्हा-पेंच पट्ट्यात वापरून पाहिले गेले. त्यात वाघ, बिबट, माणूस ओळखण्याचं काम कॅमेऱ्यातली चिपच करते आणि कामाचा फोटो तेवढा मोबाइल नेटवर्कवरून मिनिटाच्या आत वनकर्मचाऱ्याकडे जातो. निरुपयोगी फोटो पाठवण्यात बॅटरी जात नाही, म्हणून कॅमेरा दीर्घकाळ टिकतो. ताडोबाच्या कडेला सीतारामपेठ गावाभोवती २०२३ मध्ये कॅमेऱ्यांची आभासी भिंत उभारली, तिचाही हेतू हाच: जनावर गावाकडे वळलं की लोकांना आधी कळावं. पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईला ती सूचना पाच मिनिटं उशिरा मिळाली तर तिचा उपयोग काय?

ही विचारसरणी एकाएकी आलेली नाही. वेबसाइटचा मजकूर वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवण्याचं काम अकामाई कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू केलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'क्लाउडलेट' ही कल्पना मांडली. मोठ्या ढगाऐवजी जवळचा एक लहान ढग. २०१२ च्या सुमारास सिस्को कंपनीकडून 'फॉग' हा शब्द आला. ढग खाली जमिनीला टेकला की आपण त्याला धुवारी म्हणतो, अगदी तोच अर्थ. मग चिपा स्वस्त होत गेल्या. फोनमध्ये खास ओळखण्याच्या कामासाठी वेगळा भाग येऊ लागला, आणि घरातल्या कॅमेऱ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत यंत्रं जोडली जाऊ लागली. इतक्या सगळ्या यंत्रांचं सगळं बोलणं वर पाठवणं परवडेना, तेव्हा मोठ्या कंपन्यांनाही निर्णय खाली सोपवावे लागले. नागपूर-अमरावती रस्त्यावरचं सातनवरी गाव २०२५ मध्ये स्मार्ट गाव म्हणून जाहीर झालं, तिथंही शेतातले सेन्सर आहेत. अशी गावं वाढणार. म्हणून खोलात जाऊन विचारायची वेळ आताच आहे.

क्लाउडची गरज संपली असं मात्र नाही. जुना, कसलेला सालदार आठवा. वाफ्यात पाणी भरलं की दांड कधी फोडायचा, बैल कधी सोडायचे, हे तो मालकाला विचारत नाही. संध्याकाळी घरी येऊन दिवसाचं सांगतो. पण यंदा तुरीच्या किती ओळी घ्यायच्या, कापूस कोणत्या बाजारात न्यायचा, हे मालक ठरवतो, कारण त्याच्यासमोर सगळ्या वावरांचं चित्र असतं. तसंच इथं. एका सापळ्याला एका वावराचं कळतं. तालुक्यातल्या दोनशे सापळ्यांचे आकडे एकत्र आले की पतंगाची लाट कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे सरकते आहे ते दिसतं. हे काम वरच होणार. पतंग ओळखण्याची यादी सुधारून पुन्हा खाली पाठवणं, हेही वरचंच काम.

धुऱ्यावर निर्णय दिला की काही जबाबदाऱ्याही धुऱ्यावर येतात आणि त्याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. दुसऱ्या देशातल्या फोटोंवर शिकलेलं यंत्र आपल्याकडच्या किड्यांना भलतंच नाव देऊ शकतं, आणि ते जागच्या जागी ठरवत असल्यामुळे वर कोणाला चूक दिसत नाही. म्हणून पहिल्या हंगामात आठवड्यातून एकदा तरी स्वतः मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावं. भिंगावर कोळी जाळं विणतो, धूळ बसते, ते पुसायला माणूस लागतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला नाही तर दुसरा कोणीही आत शिरू शकतो, आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्याच्या बाबतीत ही लहान गोष्ट नाही. दुरुस्ती तालुक्याला होते की डबा पुण्याला पाठवावा लागतो, हेही आधी विचारावं. एक फायदा मात्र निश्चित आहे: तुमच्या घरातल्या कॅमेऱ्यानं ओळखण्याचं काम घरातच केलं, तर अंगणातली चित्रं बाहेर जाण्याचं कारण उरत नाही.

सर्वांत साधी परीक्षा एकच. घेण्याआधी विक्रेत्यासमोर सिम काढायचं आणि यंत्र काय करतं ते पाहायचं.

काकांनी गेल्या वर्षी दुसरा डबा घेताना हेच केलं. या डब्यात करंटची मर्यादा डब्यातच बसवता येते: पाचच्या खाली दहा सेकंद राहिला की तोडायचं, विहिरीला झिरपायला दोन तास द्यायचे, मग पुन्हा चालू करायचं. पैसे देण्याआधी काकांनी सिम काढून खिशात ठेवलं. मेकॅनिकनं मेन बंद केला, एक किटकॅट फ्यूज उपसला आणि मेन परत चालू केला. एक फेज नाही म्हटल्यावर डब्यानं मोटर उचललीच नाही. किटकॅट परत बसवला, मोटर सुरू झाली. पाणी तुटायची खरी परीक्षा बाकी होती, म्हणून आम्ही लिंबाखाली बसून राहिलो. एप्रिल होता, विहीर तशीही तळाला गेलेली. अकरा वाजून गेले होते. पाइपातून आधी फेस आला, मग नुसती हवा. डब्यावरचा आकडा सातवरून सहा, सहावरून चार पॉइंट दोन. काका बोटांवर मोजत होते. नवव्या बोटाच्या पुढे गेले आणि पेटीत खट्ट वाजलं.

दुपारी जेवून झाल्यावर त्यांनी सिम परत बसवलं. तीन वाजता फोनवर निरोप आला, ११ वाजून २२ मिनिटांचा: 'पाणी नाही, मोटर बंद केली.'